जुन्या पोस्टमुळे कॉलेजचा प्रवेश अडतो का?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या मुलाला अकरावीला, इंजिनीअरिंगला, मेडिकलला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश हवा असेल, तर त्याने तीन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर काय लिहिलं होतं हे प्रवेशप्रक्रियेत कुणी पाहत नाही. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. ते दहावीचे गुण, पसंतीक्रम आणि आरक्षण यांवर होतात. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी यांच्या जागा राज्य सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून भरतात, मेडिकलच्या नीटच्या गुणांवर. या अर्जांत सोशल मीडियाचा रकानाच नाही.

तरी निकाल लागले की पालकांच्या मनात ही भीती येते आणि ती अगदीच निराधार नाही. पोस्ट आडवी येते ती प्रवेशाच्या खिडकीवर नव्हे, तिच्या अलीकडे किंवा पलीकडे. अलीकडे शाळा आणि पोलीस असतात. पलीकडे कॉलेजातली तक्रार, परदेशी विद्यापीठ आणि व्हिसा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे. तो माहीत नसल्यामुळे एक तर उगाच घाबरगुंडी उडते, नाही तर जिथे खरोखर गंभीर आहे तिथे दुर्लक्ष होतं.

अमेरिकेतलं इकडे का लागू होत नाही

या विषयावरच्या बहुतेक बातम्या अमेरिकेतल्या असतात. २०१७ मध्ये हार्वर्डने किमान दहा मुलांना दिलेला प्रवेश मागे घेतला. फेसबुकवरच्या एका खासगी गटात त्यांनी लैंगिक अत्याचार, ज्यूंचा संहार, मुलांचे मृत्यू यांवर किळसवाणे मीम टाकले होते. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने आणखी एका मुलाचा प्रवेश रद्द केला. त्याने सोळाव्या वर्षी मित्रांमध्ये वंशद्वेषी मजकूर लिहिला होता. त्याने जाहीर माफी मागितली, पण निर्णय बदलला नाही.

तिथे हे होऊ शकतं, कारण तिथली खासगी विद्यापीठं गुणांबरोबर निबंध, शिक्षकांची पत्रं आणि स्वभावही पाहतात. प्रामाणिकपणा, परिपक्वता किंवा नैतिकतेबद्दल शंका आली तर प्रवेश मागे घेऊ, हे ती आधीच कळवतात. आपल्याकडे तसं नाही. कॅपमधून मिळालेली जागा गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाने मिळते. उद्या एखाद्या कॉलेजने कुणी दाखवलेला स्क्रीनशॉट पाहून ती नाकारली, तर त्या नकाराला नियमाचा आधार नाही. अशा वेळी तोंडी वाद घालू नये. नकार लेखी मागावा. खासगी व्यावसायिक कॉलेज असेल तर सीईटी कक्ष आणि २०१५ च्या राज्य कायद्याखालच्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करावी, अकरावीसाठी शिक्षण उपसंचालक कार्यालयाकडे. फेरीची मुदत दोन-तीन दिवसांची असते, म्हणून त्याच दिवशी ईमेल पाठवून पोच ठेवणं महत्त्वाचं.

बोचणारी पोस्ट आणि गुन्हा

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर प्रश्न विचारणारी पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी त्रासदायक वाटणाऱ्या ऑनलाइन मजकुरालाही गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. म्हणजे कुणाला राग आला किंवा चीड आली, एवढ्यावरून पोस्ट गुन्हा ठरत नाही. देशभर लागू झालेला हा निकाल आपल्याच कोकणपट्टीतल्या घटनेतून आला, तरी गावच्या बैठकीत आजही ‘भावना दुखावल्या, केस टाका’ हेच ऐकू येतं.

गुन्हा कशाने होतो, तेही स्पष्ट आहे. अश्लील मजकूर प्रसारित करणं (माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६७), कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीविना काढणं किंवा पाठवणं (६६ई), अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक चित्रण (६७ब आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा), धर्म, जात, भाषा यांवरून गटांत वैर वाढवणं (भारतीय न्याय संहिता, कलम १९६), एखाद्या मुलीचा ऑनलाइन पाठलाग (७८), अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान (अ‍ॅट्रॉसिटी कायदा). ‘मस्करी होती’ हा इथे बचाव होत नाही. मुलामुलींनी एकमेकांना विश्वासाने पाठवलेला फोटो ब्रेकअपनंतर ग्रुपवर टाकणं हा यांतला सर्वांत गंभीर आणि सर्वांत सहज घडणारा प्रकार. ‘कोवळ्या वयाची चूक’ म्हणून घरातल्या घरात मिटवायची ही गोष्ट नाही.

अठराच्या आतल्या मुलाला कायदा काय देतो

बाल न्याय कायदा २०१५ मध्ये वय मोजलं जातं ते कृत्याच्या दिवशीचं. सोळाव्या वर्षी टाकलेल्या पोस्टची तक्रार एकोणिसाव्या वर्षी झाली, तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जातं. मात्र अठरा पूर्ण झाल्यावर तीच पोस्ट ‘जुनी आठवण’ म्हणून पुन्हा शेअर केली, तर ती प्रौढ माणसाची नवी कृती ठरते. हा फरक फार कमी मुलांना माहीत असतो.

किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा नसेल आणि बरोबर कुणी प्रौढ नसेल, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो. पोलीस ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या आणि सामाजिक परिस्थितीचा अहवाल मंडळाला पाठवायचा असतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि ताब्यात घेतलंच तर २४ तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं.

पुढचं शिक्षण आणि नोकरी यांसाठी दोन कलमं लक्षात ठेवावीत. कलम २४ सांगतं की मंडळाने मुलाला दोषी धरलं तरी त्यामुळे तो पुढे कशालाही अपात्र ठरत नाही, आणि ठरावीक काळानंतर ती नोंदच नष्ट करायची. अपवाद फक्त सोळा-अठरा वयोगटातल्या, प्रौढासारखा खटला चाललेल्या मुलाचा. कलम ७४ सांगतं की मिटलेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा द्यायची नाही. पोलीस भरती, पासपोर्ट, मर्चंट नेव्ही, आखातातली नोकरी, अशा सगळ्या वाटा पडताळणीतून जातात, म्हणून इथल्या घरांना हे ठाऊक हवं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका तरुणाच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ लावला: अल्पवयात झालेला आरोप नोकरीच्या आड आणता येणार नाही.

त्याच कलम ७४ मध्ये मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बंदी आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच छापता किंवा दाखवता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तालुक्याच्या यूट्यूब वाहिन्या आणि ‘ब्रेकिंग’ ग्रुप चालवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

पोस्टचं वजन कसं करायचं

कायदा एवढं संरक्षण देतो, ते सौम्यपणा म्हणून नव्हे. किशोरवयात मित्र बघत असले की जोखीम घेण्याचं प्रमाण वाढतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात हेच दिसलं. एकट्याने खेळताना सांभाळून चालवणारी मुलं मित्र शेजारी बसल्यावर धोका पत्करू लागली. प्रौढांत असा फरक जवळपास पडला नाही. सोशल मीडियावर मित्र सतत शेजारीच असतात. खासगीपणाच्या हक्कावरच्या ऑगस्ट २०१७ च्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनीही लिहिलं आहे की बालपणीच्या चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगायला लागू नयेत. शिमग्यात होळीभोवती ठोकलेली बोंब पालखी देवळात परतली की विरून जाते, कुणी ती मनात धरत नाही. मोबाइलवरच्या शिवीला असा शेवटचा दिवस नसतो, म्हणून तो माणसांनी ठरवून द्यावा लागतो.

पण दुसरी बाजू खोटी नाही. ज्या मुलीच्या फोटोवर वर्षभर घाणेरड्या कमेंट झाल्या, ज्या मुलाला जातीवरून ग्रुपवर हिणवलं गेलं, त्यांनाही त्याच कॉलेजात, त्याच एसटीने यायचं असतं. ‘मुलं आहेत, सोडून द्या’ म्हणणारा माणूस बहुधा त्या पोस्टचा नेम नसतो.

म्हणून आधी पाहायचं की पोस्ट कुणाला लागली. नटावर, पक्षावर, क्रिकेट संघावर केलेली शेरेबाजी वेगळी. वर्गातल्या, वाडीतल्या एका ओळखीच्या मुलाला किंवा मुलीला धरून केलेली वेगळी. पहिली कितीही घाण असली तरी शाळा-कॉलेजने मुलाशी बोलून संपवावी. दुसरीत एका जिवंत माणसाचं नुकसान झालेलं असतं आणि ते भरून काढावं लागतं. मग सातत्य पाहायचं. तेराव्या वर्षीची एक ओळ आणि तेरा ते सतरा वयात चालू राहिलेला छळ एकाच मापाने तोलता येत नाहीत. मग सांगितल्यावर काय केलं ते पाहायचं: काढली, की नवं अकाउंट उघडून परत टाकली? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या तीन वर्षांत तो मुलगा कसा वागेल हे त्यातून दिसतं. जुन्या पोस्टच्या शब्दांतून ते दिसत नाही.

आणि पोस्ट आत्ताच का वर आली, हेही विचारावं. दोन वर्षं जपून ठेवलेला स्क्रीनशॉट प्रवेशाच्या आठवड्यात बाहेर निघतो, तेव्हा मागे कधी भावकीतला जमिनीचा वाद असतो, कधी ग्रामपंचायतीची निवडणूक. पण उशीर झाला म्हणून तक्रार खोटी असंही धरू नये. गावात सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. बोलायला उशीर होण्याचं ते एक मोठं कारण असतं.

माझं मत स्पष्ट आहे. प्रवेश देताना जुन्या पोस्ट पाहूच नयेत. पाहायचं ठरवलं तर ज्याचं अकाउंट उघडं तो सापडेल आणि ज्याने तीन टोपणनावांनी छळ केला तो सुटेल. नुकसान झालेल्याला न्याय मिळण्याची जागा शाळा आहे, आणि वेळ म्हणजे घटना घडली ती. कॉलेजात आल्यावर धोका चालू असेल तर त्यासाठी साधनं आहेत: रॅगिंगविरोधी समिती, लैंगिक छळाची अंतर्गत समिती, वेगळी तुकडी, वेगळं वसतिगृह. ऑनलाइन छळही रॅगिंगमध्ये बसू शकतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय पाच वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश मिळत नाही. प्रवेश खरोखर बंद करणारा नियम हा आहे, आणि तो आजच्या वागण्याला लागतो.

शाळेने काय करावं, काय टाळावं

दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. इथल्या शाळांना मुलांकडे लक्ष द्यायचं कसं ते शिकवायला नको. चूक होते ती घाईत. तक्रार आली की वर्गशिक्षक स्क्रीनशॉट शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, ‘बघा काय चाललंय’ म्हणून. त्यात मुलीचा फोटो असेल तर ते प्रसारणच झालं. नग्न फोटो पुरावा म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नये, स्वतःच्या फोनमध्ये साठवू नये. तो ज्या फोनवर आला त्याच फोनवर पोलिसांना दाखवावा.

आधी तक्रार लिहून घ्यावी, तारखेसह, आणि तक्रार करणारं मूल आज घरी सुरक्षित जाईल ना, ते पाहावं. मग मूळ पोस्ट पाहावी. स्क्रीनशॉट कापता येतो, नाव बदलून बनवता येतो, खोटं अकाउंट पाच मिनिटांत निघतं. म्हणून प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, पोस्टचा पत्ता, तारीख, वेळ, आधीचे आणि नंतरचे मेसेज, एवढं टिपून ठेवावं. मुलाचा फोन काढून घेऊन चाळत बसू नये. पालकांना बोलवावं आणि त्यांच्यासमोर मुलाने स्वतः उघडून दाखवावं. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. शिक्षकांनी सांगितलेला मजकूर उतरवून घेतलेला ‘जबाब’ पुढे कुठेच टिकत नाही.

नंतर पोस्ट काढणं, समुपदेशन, पालकांशी ठरलेल्या अंतराने भेटी. पटांगणात सर्वांसमोर माफीनामा वाचायला लावू नये. त्याने मुलगा सुधारत नाही आणि ज्याला पोस्ट लागली होती त्याचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताच येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ ते सांगतं. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना अशा प्रकरणासाठी वापरू नये. एका शब्दाचा तो शेरा पुढे प्रत्येक कारकुनाच्या हातून जातो आणि त्याला खुलासा जोडता येत नाही. चौकशीची फाइल मुख्याध्यापकांकडे बंद लिफाफ्यात राहावी.

एका ठिकाणी मात्र शाळेला निवड नाही. अठराखालच्या मुलाचं लैंगिक चित्रण किंवा छळ असेल तर पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून दाबलेलं प्रकरण मुख्याध्यापकांच्याच अंगावर येतं.

ज्याच्या पोस्ट आहेत त्याने

पोलीस किंवा शाळेची चौकशी सुरू झाली असेल तर काहीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप लागू शकतो. आधी वकिलाला विचारा.

चौकशी नसेल तर अर्ज भरण्याच्या दोन-तीन महिने आधी बसा. स्वतःचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, गावाच्या आणि शाळेच्या नावासह, खासगी विंडोमध्ये शोधा. जुनी टोपणनावं आठवून तीही शोधा. इन्स्टाग्रामच्या ‘युवर अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये जुन्या कमेंट एकदम निवडून काढता येतात, फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एका बटणाने मित्रांपुरत्या करता येतात. लोक पोस्ट काढतात आणि कमेंट विसरतात. बहुतेक घाण कमेंटमध्येच असते. अकाउंट कायमचं बंद करायला दिलं तरी दोन्हीकडे ३० दिवस थांबावं लागतं, आणि मध्येच लॉगिन करून ते पुन्हा सुरू केलं की बंद करणं रद्द होतं. आठवीतलं, पासवर्ड हरवलेलं अकाउंट हीच मोठी अडचण, म्हणून जुनं सिमकार्ड आणि ईमेल आधी शोधा. अठराखालच्या मुलाचा फोटो गूगलच्या शोधातून काढण्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे. अठराखाली असतानाचा स्वतःचाच नग्न फोटो फिरत असेल तर ‘टेक इट डाऊन’ या मोफत सेवेवर फोटो न पाठवता त्याची अंकी खूण, म्हणजे कंपन्यांना तो ओळखता येईल असा सांकेतिक क्रमांक, देता येते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लगेच लिहा. अशा फोटोंसाठी नियमांनी दिलेली मुदत आधी २४ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांची आहे.

एका माणसाला दुखावलं असेल तर डिलीट करून ते संपत नाही. त्याला थेट, छोटं लिहा: ‘नववीत असताना तुझ्या रंगावरून ग्रुपवर मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. ते काढून टाकलं आहे. तू उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ ‘वाईट वाटलं असेल तर’ अशी अट नको, कारणं नकोत, आणि स्टोरीवर तर नकोच. समोरच्याने आधी ब्लॉक केलं असेल तर मित्रामार्फत निरोप पाठवू नका. त्याचं उत्तर त्याने दिलेलं आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियावरची नावं द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अकाउंट सर्वांना दिसेल असं ठेवायलाही सांगितलं जातं. बंद केलेलं अकाउंट त्या पाच वर्षांत वापरलं असेल तर त्याचंही नाव लिहावं लागतं. ते लपवणं जुन्या मूर्ख पोस्टपेक्षा जास्त महागात पडतं. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात शिस्तभंगाबद्दल प्रश्न असेल तर जे झालं, कितव्या वर्षी झालं आणि त्यानंतर काय केलं, हे चार-पाच वाक्यांत खरं लिहावं. बाल न्याय मंडळाकडे गेलेलं प्रकरण असेल तर उत्तर लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालयं आहेत, हेल्पलाइन १५१००. छळ होत असलेल्या मुलासाठी १०९८, आणि ऑनलाइन तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. तिथे महिला आणि मुलांविषयीच्या मजकुराची तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते.